पोर्टल चोख होतं, पैसे मेलवरून गेले

बांधकामाचा माल ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनी हे नक्की वाचा, अकाउंट्सवाल्यांनी तर दोनदा वाचा. आमच्याकडे सळईची ऑर्डर ई-प्रोक्युरमेंट पोर्टलवरून गेली, कोटेशन आले, रिव्हर्स ऑक्शन (सगळ्यात कमी दर देणाऱ्याला ऑर्डर) झालं, पीओवर, म्हणजे परचेस ऑर्डरवर, डिजिटल सही झाली, सगळं नियमात. तरी ॲडव्हान्सची पूर्ण रक्कम चोराच्या खात्यात गेली!

झालं असं की पीओ निघाल्यावर वेंडरच्या, म्हणजे माल देणाऱ्याच्या, नावाने मेल आला, जुन्याच मेलला रिप्लाय म्हणून, त्यात आमचा पीओ नंबर, १२, १६, २५ एमएमचं वजन सगळं बरोबर, फक्त एक ओळ जास्तीची की आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, ॲडव्हान्स या दुसऱ्या खात्यावर टाका, उद्यापासून रेट वाढणार. मेल आयडीत एकच अक्षर वेगळं होतं आणि मोबाइलवर तर आयडी दिसतच नाही, नुसतं नाव दिसतं. अकाउंट्सच्या माणसाने फोनसुद्धा केला, पण नंबर त्याच मेलमधल्या लेटरहेडवरचा, पलीकडच्याने साइटचं नाव घेऊन "हो साहेब, तेच खातं" म्हणून सांगितलं. चोराला एवढं कसं माहीत? वेंडरचा मेलबॉक्स आधीच हॅक झालेला, आत ऑटो फॉरवर्डचा रूल लावलेला, आमचा प्रत्येक मेल आपोआप चोराकडे जात होता.

इकडे सेंट्रिंग तयार, फिटर बसून, गाडी येईना. वेंडर म्हणतो मला पैसेच आले नाहीत, माल कसा सोडू. मेलबॉक्स त्याचा फुटला आणि नुकसान आमचं, कारण अशा वेळी कोणी भरायचं यावर करारात एक शब्द नाही, मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. ही ओळ ऑर्डर देण्याआधीच घालून घ्या.

मोठ्या कंपन्यांचं असं होत नाही हे डोक्यातून काढा. २०१३ ते २०१५ मध्ये गूगल आणि फेसबुकला एका माणसाने सप्लायरच्या नावाची खोटी बिलं पाठवून १० कोटी डॉलरच्या वर फसवलंय.

आमच्या आयटीने डीमार्क (खोटे मेल अडवणारी सेटिंग) लावलेलं होतं, पण ते तुमच्याच डोमेनच्या (मेल आयडीत @ नंतर येतं ते) नावाने येणारा खोटा मेल अडवतं, एक अक्षर बदलून नवीन डोमेन घेणाऱ्याला ते काही करत नाही. त्यामुळे वेंडरचं बँक खातं पोर्टलमध्येच लॉक ठेवा, बदल मेलवरून घ्यायचाच नाही, कितीही घाई असो, आणि बदलायचंच असेल तर रजिस्ट्रेशनच्या वेळी घेतलेल्या नंबरवर फोन करा आणि मंजुरी दुसऱ्या माणसाची घ्या. बऱ्याच ट्रान्सफरमध्ये खाते नंबरच चालतो, नाव जुळतं का ते बघितलं जाईलच असं नाही.

आणि पैसे गेल्याचं कळलं तर वेंडरशी भांडत बसू नका, आधी बँकेला फोन करून रक्कम थांबवायला सांगा, तिथून ती लगेच दुसऱ्या खात्यात पळते. लगोलग पोलिसांकडे तक्रार द्या. तो खोटा मेल रागाने डिलीट करू नका, कुठून आला ते त्याच्या हेडरमध्ये (मेलसोबतच्या लपलेल्या तांत्रिक नोंदीत) असतं आणि तपासाला तेच मागतात.