कौलारू घरात मोबाईलची रेंज: आधी बूस्टर, मग राउटर, नऊ महिन्यांचा अनुभव

परवा रात्री दहा वाजता भर पावसात शिडी लावून कौलांवर चढलो, अँटेनाच्या वायरचा जोड उघडला तर आतनं चमचाभर पाणी निघालं. ह्या पावसाळ्यातली ही चौथी वेळ. खाली आलो, अंग पुसलं आणि ठरवलं की आता सगळं लिहूनच काढायचं, कारण आमच्या भागात घरात मोबाईलची रेंज नाही ही घरटी तक्रार आहे आणि दुकानात सांगतात ते अर्धंच असतंय. बूस्टर म्हणजे बाहेरच्या अँटेनानं टॉवरची रेंज पकडून, वाढवून घरातल्या अँटेनातनं सोडणारा डबा, कुठला भाग कुठं लावतात ते इथं सांगत बसत नाही.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना आत वळायचं. मागं डोंगर, बाकी तिन्ही बाजूला झाडी, घर जांभ्या दगडाचं, भिंती दीड फूट, वर मंगळुरी कौलं. अंगणातल्या फणसाखाली दोन काड्या, सोप्यात एक, स्वयंपाकघरात काहीच नाही. पुण्याहून बहिणीनं आईला फोन लावला की दहातनं आठ वेळा तिला कन्नडमधली बाईच ऐकू येते, व्याप्ती प्रदेशाच्या बाहेर आहेत म्हणून, आणि ती तिकडं जीव टांगून बसते.

डिसेंबरात एका रात्री आईची शुगर एकदम खाली गेली. मी बेळगावात, उद्यमबागेत सेकंड शिफ्टला. बायको अंधारात फणसाखाली उभी राहून १०८ लावत होती, तीनदा लागला आणि तीनदा कट झाला. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली आणि खानापूरला नेलं. आई बरी झाली, खरं मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्याच आठवड्यात बेळगावातनं बूस्टर आणला, साडेसहा हजार, बिल मागितलं तर साध्या कागदावर आकडा लिहून दिला. तिथंच शंका यायला पाहिजे होती.

पहिले तीन आठवडे मी खूश होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी काड्या बघत नाही, फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसमध्ये वजा चिन्हाचा आकडा असतो तो बघतो. वजा ८५ चांगला, वजा १०० चालतोय, वजा ११० नंतर त्रास आणि वजा १२० म्हणजे संपलं. दर ३ आकड्यांना ताकद दुप्पट होते. आमच्या स्वयंपाकघरात वजा ११४ होता तो वजा ८८ झाला, म्हणजे जवळजवळ चारशे पट. आई चुलीजवळ बसून बहिणीशी अर्धा तास बोलली. त्यादिवशी कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

मग बूस्टरवरचा लाल दिवा लागायला लागला. फोनवर रेंज फुल्ल आणि आवाज तुटक, समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून देणार. कारण नंतर समजलं. गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरच्या समोर आला की कुँई करून ओरडतो ना, तेच. आमचा बूस्टर ७० डीबीचा. डीबी म्हणजे डेसिबल, वरचे आकडे त्याच मापातले, आणि ७० डीबी म्हणजे एक कोटी पट. कौलावरच्या अँटेनाला घरातल्या अँटेनाचा आवाज ऐकू आला की तो तेच परत वाढवणार, परत ऐकणार, परत वाढवणार. स्लॅबच्या घरात मधे काँक्रीट आणि सळ्या असतात, त्या तरी थोडं अडवतात. कौलातनं सगळं आरपार. बाहेरची अँटेना घराच्या दुसऱ्या टोकाला नेली, मधे पत्रा लावून बघितला, दोन दिवस बरं चालायचं आणि परत लाल.

खरा त्रास वेगळाच निघाला. समोरच्या काकूंचा पोरगा गोव्याला कामाला, रोज रात्री फोन करणारा. फेब्रुवारीपासून त्यांचा फोन लागेना झाला. आमच्या घराच्या आसपास चार-पाच घरांत हीच गत आणि कुणालाच कारण माहीत नाही, मलापण नाही. मार्चमध्ये मोबाईल कंपनीचे दोघे जीप घेऊन आले, हातात अँटेना, ती फिरवत फिरवत थेट आमच्या दारात. धारवाडकडचे होते, त्यातल्या मोठ्यानं कौलाकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "मोदल इद तगीरी." म्हणजे आधी हे काढा. मग चहा घेताना नीट समजावून सांगितलं. बूस्टर फक्त आपल्याकडं येणारी रेंज वाढवत नाही, आपल्याकडनं टॉवरला जाणारा आवाजपण वाढवतो, आणि तो असा ओरडायला लागला की टॉवरच्या कानात नुसती खरखर भरते, लांबच्या घरातल्या फोनचा बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही. काकूंचा फोन मी बंद पाडला होता. अजून मनाला लागतंय ते.

आणि कायद्याचं. परवाना असलेल्या मोबाईल कंपनीशिवाय दुसऱ्या कुणीही रिपीटर किंवा बूस्टर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर आहे. दूरसंचार खात्यानं जुलै २०२२ मध्ये हे जाहीर सांगितलंय. ऑनलाइन दिसतोय, दुकानात मिळतोय म्हणजे चालतोय असं अजिबात नाही. त्याच दिवशी उतरवला. दुकानात परत घेऊन गेलो तर मालक म्हणाला तुमची वायर चुकली असणार, दुसरी अँटेना घ्या, आणखी अठराशे द्या. मी म्हटलं हे विकायलाच बंदी आहे. त्यावर तो म्हणाला बिल दाखवा. तासभर वाद घातला आणि साडेसहा हजारांवर पाणी सोडून आलो. कपाटातला तो कागद बघितला की अजून राग येतोय.

एप्रिलपासून दुसरी पद्धत वापरतोय, आणि बूस्टर आणायच्या आधीच ही कळायला पाहिजे होती. सिम घालायचा फोरजी राउटर, पाठीमागं बाहेरची अँटेना लावायला दोन भोकं असलेला, आणि कौलाच्या वर जीआय पाइपवर दोन अँटेना. हा दुसऱ्याचा सिग्नल वाढवत नाही, साध्या फोनसारखा स्वतःच्या सिमवर टॉवरशी बोलतो, म्हणून शेजाऱ्यांना काही होत नाही. घरात वायफाय मिळतं आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की कॉल त्यावरनं जातात. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये सुरू केलेली सोय, वेगळे पैसे नाहीत, आणि मला मार्चपर्यंत पत्ता नव्हता. राउटरमधलं सिम आणि फोनमधलं सिम एकाच कंपनीचं पाहिजे असं पण नाही. मी सगळ्या कंपन्यांची सिमं फोनमध्ये घालून एक रविवार पूर्ण कौलावर घालवला. ज्या कंपनीची रेंज खाली अंगणात सगळ्यात वाईट, तीच वर चोर्ला घाटाच्या रस्त्याकडं तोंड केल्यावर वजा १०१ निघाली. अँटेना लावल्यावर राउटरमध्ये वजा ८६. राउटर घेताना बँड, म्हणजे टॉवरशी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं ते, निवडता येतो का ते विचारा. आमच्याकडं २३०० मेगाहर्ट्झवर स्पीड चांगला, खरं झाडं ओली झाली की जातो, ८५० वर स्पीड निम्मा आणि पावसातपण टिकतो. मी ८५० वर बांधून ठेवलाय.

एक अडचण बरेच दिवस डोक्यात शिरली नव्हती. वायफाय असूनही फोन मोबाईलच्या त्या मरतुकड्या एका काडीला चिकटून बसतो आणि कॉल कट होतो. उपाय सोपा, फ्लाइट मोड चालू करायचा आणि वरनं वायफाय परत चालू करायचं, मग कॉल वायफायवरनंच येतात. ओटीपी पण येतात, एखादवेळी दोन-तीन मिनिटं उशिरा. फक्त घराबाहेर पडताना फ्लाइट मोड काढायची आठवण ठेवायची.

आता वायर. माझ्या मते ह्या सगळ्या कामात राउटर, सिम, अँटेना यांना जेवढं डोकं लावतो त्याच्या चौपट वायरला लावायला पाहिजे. घरात डिशची जुनी वायर पडून होती म्हणून पैसे वाचवायला आधी तीच वापरली. ती ७५ ओहमची आणि ह्या कामाला ५० ओहमची लागते, हा एक भाग. दुसरा भाग नुकसानीचा, १८०० च्या बँडला अशी २० मीटर वायर साधारण ६ डीबी खाते, म्हणजे वर चार आणे गोळा केले तर खाली एकच आणा पोचतो. अँटेनाबरोबर येणारी बारीक काळी वायर तर १० मीटरमध्येच तेवढं खाते. मग बोटाएवढी जाड वायर आणली, ती १० मीटरला २ डीबीच खाते, खरं अँटेना दोन म्हणून वायरपण दोन, एकोणीसशे रुपये गेले.

आणि जोड. जून लागला आणि आकडा रोज एक-एक खाली, वजा ८६, ८९, ९४, आणि एक दिवस राउटर बंदच. पाणी जोडाच्या आट्यातनं आत जातं आणि वायरच्या जाळीतनं कापसाच्या वातीसारखं खाली ओढलं जातं, एकदा जाळी काळी पडली की तेवढी वायर कापूनच टाकायची. साधी काळी इन्सुलेशन टेप लावली, मेच्या उन्हात तिचा गोंद वितळला होता, पहिल्या पावसातच सुटली. वरनं घट्ट होणारी पुट्टी लावली तर जोड परत उघडताना अख्खा कनेक्टर तोडायला लागला. प्लास्टिकची पिशवी बांधली तर आत वाफ धरून उलट जास्त पाणी.

इथपर्यंत ऑगस्टात लिहून ठेवलं होतं. आता नवरात्र आलंय आणि वायरबद्दलचं माझं मत निम्मं बदललंय, वरचं खोडत नाही, कारण त्या चुका तुम्हीपण करणार. एवढी लांब वायर खाली आणायचीच कशाला? राउटर उचलून माळ्यावर, कौलांच्या लगेच खाली ठेवला. आता वायर दीड मीटरच, जाड असो की बारीक फरक पडत नाही, आकडा वजा ८४ वर आलाय आणि वायफाय माळ्याच्या फळ्यांतनं खाली सगळ्या खोल्यांत नीट येतंय. म्हणजे जाड वायरीचे एकोणीसशे वाया गेले. चैत्र-वैशाखात कौलाखाली भट्टी होते, तेव्हा राउटर किती तापतोय ते बघायला लागणार, कदाचित तेवढे दोन महिने खाली आणीन. जोडाचं म्हणाल तर एक रबरी टेप मिळते, ओढून ताणून गुंडाळली की स्वतःच एकजीव होते, गोंद नसतो. ती खालनं वर गुंडाळायची, जोडाचं तोंड जमिनीकडं ठेवायचं आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली लोंबती कमान द्यायची म्हणजे पाणी तिथनंच ठिबकतं. गणपतीपासून एकदाही वर चढलो नाही. वळवाच्या पावसात विजा चमकायच्या आधीच मात्र वायर राउटरमधनं काढून ठेवायची आणि पाइपला अर्थिंग द्यायचंच, ह्यात आळस नको.

लाईट गेली की काय, हा प्रश्न आमच्याकडं पहिला. राउटर १२ व्होल्टचा आहे, साडेबाराशेचा छोटा यूपीएस लावलाय, साडेतीन तास चालतो. त्यापेक्षा जास्त वेळ लाईट गेली तर टॉवरचीच बॅटरी उतरते, मग घरात काहीही लावा, उपयोग नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या आईकडं कीपॅडचा फोन होता, त्यात वायफाय कॉलिंग येतच नाही. हे मला राउटर लावल्यावर कळलं. तिला जुना वापरलेला स्मार्टफोन घेतला, पडद्यावर फक्त चार फोटो ठेवले, माझा, बहिणीचा, बायकोचा आणि शेजारच्या काकांचा. पंधरा दिवस रोज शिफ्टवरनं फोन करून उचलायला शिकवलं. आता ती स्वतः बहिणीला लावते, स्वयंपाकघरातनं, आणि मी रात्री जेवणाच्या सुट्टीत फोन केला की दुसऱ्या रिंगला उचलते.

बूस्टर अजून घरात आहे, वायर तोडून ठेवलाय. परवा ओळखीतला एकजण दोन हजाराला मागत होता, त्याचंपण घर आमच्यासारखंच कौलारू, त्याला नाही म्हटलं आणि राउटरचं सगळं सांगितलं. समोरच्या काकूंना वायफायचा पासवर्ड दिलाय. त्यांच्या आमच्याकडच्या खिडकीत तीन काड्या येतात, पोराचा गोव्याहून फोन रात्री नऊला असतो, तेव्हा त्या खिडकीत बसून बोलतात.