अपिलाची मुदत सरत आली आणि वकिलांनी वकीलपत्र सोडलं

भावाला सत्र न्यायालयात शिक्षा झाली. हायकोर्टात अपील करायला 60 दिवस मिळतात. ते संपत आले असताना आमच्या वकीलसाहेबांनी 'वेळ नाही' म्हणत अंग काढून घेतलं. बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे खटला सोडायला सबळ कारण आणि पुरेशी पूर्वसूचना लागते. आम्हाला फक्त एक फोन आला. फाइलसुद्धा हेलपाटे घालून मिळवली.

नव्या वकीलबाईंनी आधी निकालाच्या नकलेवरचा शिक्का पाहिला: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत! ते दिवस वगळून उरलेल्या मुदतीतच अपील दाखल झालं, विलंबमाफीच्या अर्जाची गरजच पडली नाही. बाईंचं काम चोख. आधीच्या साहेबांनी मात्र न केलेल्या कामाची फी अजून परत केलेली नाही.