फिलिप रीडची किंमत कुठे सापडते: ‘सिव्हिल वॉर वॉशिंग्टन’ संकेतस्थळ

वॉशिंग्टन डी.सी.मधली गुलामगिरी १६ एप्रिल १८६२ ला कायद्याने संपली. शेजारच्या मेरीलँडमध्ये ती १ नोव्हेंबर १८६४ पर्यंत चालूच होती. राजधानीपुरता कायदा करायचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसलाच, म्हणजे अमेरिकी संसदेलाच, दिलेला, म्हणून इथे ते आधी जमलं. भरपाई मात्र मिळाली मालकांना! त्यांनी केलेले अर्ज नेब्रास्का-लिंकन विद्यापीठाच्या या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. हस्तलिखित पानांच्या प्रतिमा आहेत, शिवाय मजकूर टंकून दिलेला आहे. जुनं वळणदार अक्षर लावताना या टंकलेखनाचा मोठा आधार होतो.

सुरुवात शिल्पकार क्लार्क मिल्सच्या अर्जाने करा. छापील नमुन्यात ‘सेवा किंवा श्रमावरचा हक्क’ अशी सोवळी भाषा आहे. त्याखाली मिल्सचा गुलाम फिलिप रीडची नोंद: वय ४२, बुटका, दिसायला बेताचा पण डोक्याने तल्लख, ओतकामात तरबेज; मागणी १,५०० डॉलर. कॅपिटॉल या संसद भवनाच्या घुमटावरच्या ‘फ्रीडम’ पुतळ्यासाठी राबलेला हाच तो कारागीर.

घोटाळा होतो तो पैशांत. अर्जातला आकडा मागणीचा असतो. मंजूर रकमेसाठी भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांचा अहवाल बघावा लागतो. ‘माणशी ३०० डॉलर’ ही मर्यादाही सरासरीची होती, म्हणून रीडपोटी मिल्सला ३५०.४० डॉलर मिळू शकले. मंजूर रक्कम मूल्यांकनाच्या ४३.८ टक्के होती, तेव्हा तिला ०.४३८ ने भागून बघा: रीडचे बरोबर ८०० येतात, सगळ्यात मोठे दावेदार जॉर्ज वॉशिंग्टन यंग यांच्या १७,७७१.८५ चे ४०,५७५. हे झालं मूल्यांकन. त्यासाठी बाल्टिमोरचा गुलामांचा व्यापारी बर्नार्ड कॅम्पबेल बोलावला होता. मुक्तीच्या कायद्यालाही भाव सांगायला दलालच लागला.

शोधताना मालकाचं नाव हाताशी ठेवा, कारण अर्ज त्याच्या नावाने आहे आणि मुक्त झालेल्यांचं आडनाव बहुधा वेगळं असतं. स्पेलिंगही फिरवून बघा. रीडचंच दोन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. मूळ कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मायक्रोफिल्म एम ५२०, सहा रिळं.

वेळ थोडा असेल तर १२ जुलै १८६२ च्या पुरवणी कायद्याखालचे अर्ज आधी वाचा. मालकाने अर्जच केला नसेल, तर त्या माणसांना स्वतः मुक्तीचा दाखला मागता येत होता. असे १६१ अर्ज आले. त्यांत किमतीचा रकाना नाही.