जुनी ऑटोमॅटिक पिकअप, अकरा महिने: गरम झाली की दम सोडणारी गाडी आणि जागचा न हलणारा काटा

एप्रिलमधली दुपार, अडीच वाजलेले. भिवंडीहून पंप आणि केसिंग पाइप मिळून आठशे किलो माल भरून कसारा घाट चढत होतो. घाट अर्धा झाला आणि गाडीने दम सोडला. रेस पूर्ण दाबलेली, आरपीएम अठराशेच्या वर जाईना, वेग पंचवीस. मागून ट्रकवाले हॉर्न देतायत. शेजारी बायको. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही आणि तापमानाचा काटा नेहमीसारखा बरोब्बर मधोमध. कसाबसा घाटनदेवीच्या मंदिरापर्यंत आलो, गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडून वीस मिनिटं बसलो. पुन्हा चालू केली तर काही झालंच नाही अशी पळाली, थेट नाशिकच्या पाथर्डी फाट्यापर्यंत.

ही तक्रार तिथून सुरू झाली आणि सुटायला दोन महिने लागले. ज्यांच्याकडे जुनी डबल कॅब डिझेल ऑटोमॅटिक आहे त्यांना इंजिन किती, टॉर्क किती हे सांगायची गरज नाही. मी नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतली. तिसरा मालक, एक लाख अडतीस हजार किलोमीटर झालेली. पंचवटीत माझं पंप-मोटारींचं दुकान आहे, महिन्यात तीन-चार फेऱ्या भिवंडीच्या होतात. डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातून गेला होता, म्हणून ऑटोमॅटिक. त्या बाबतीत गाडीने मला जे दिलंय त्याला तोड नाही. द्वारका चौकात संध्याकाळी अर्धा तास अडकलो तरी गुडघा दुखत नाही. मायलेज साडेदहा, मालासकट. सीट उत्तम, एसी जुना असून गार. हिवाळाभर मी सगळ्यांना सांगत फिरत होतो की असला सौदा पुन्हा मिळायचा नाही.

मार्च संपता संपता पहिल्यांदा शंका आली. विल्होळीच्या चढाला गाडी जड वाटली. डिझेल खराब असेल म्हणून सोडून दिलं. मग घाटातला तो प्रकार झाला.

हायवेवरच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. सकाळी नऊला, म्हणजे गाडी थंड. त्यांनी एक चक्कर मारली, गाडी छान पळाली. तरीही संध्याकाळी ॲडव्हायझरने एस्टिमेट हातात ठेवलं: गिअरबॉक्स ओव्हरहॉल, टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), एक लाख पंच्याऐंशी हजार. मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाला, "सर, जुनी ऑटोमॅटिक आहे, गरम झाल्यावर स्लिप होते." मी म्हटलं, स्लिप झाली तर इंजिन भुंगाट वर जाईल आणि गाडी मागे राहील, इथे इंजिनच वर जात नाही. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. "उघडल्यावर कळेल सर." उघडायचेच पंचवीस हजार. ज्या गाडीला मी पाच लाख दिले तिचा गिअरबॉक्स अंदाजाने उघडायला मी तयार नव्हतो. गाडी घेऊन आलो.

त्यानंतर मीही अंदाजानेच पैसे घातले, हे कबूल करतो. डिझेल फिल्टर एकोणीसशे. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, साफ करून घेतला, साडेतीन हजार. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बदललं, नऊ हजार आठशे. एटीएफबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खालचा बोल्ट काढून सोडलं तर निम्मंच निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं. त्यामुळे नवं भरलं तरी रंग मळकटच दिसतो आणि मेकॅनिक म्हणतो, बघा, जळालंय. माझं जुनं तेल गडद होतं, पण जळका वास नव्हता. तेव्हाच समजायला हवं होतं.

मग चौदाशे रुपयांचा एक ब्लूटूथ स्कॅनर घेतला, स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि फोनवर आकडे बघायचे. या दोन महिन्यांत ज्या पैशाचं मला समाधान आहे ते हे चौदाशे.

आणि इथे त्या काट्याविषयी लिहितोच. स्कॅनर लावून पहिल्याच दिवशी बघितलं: कूलंट ८२ असताना काटा मध्यावर, ९५ ला मध्यावर, घाटात १०३ झालं तरी मध्यावर. एक केसभरही हलला नाही. बऱ्याच कंपन्या हे मुद्दाम करतात. सेन्सरकडून येणारा आकडा तसाच न दाखवता मधल्या मोठ्या पट्ट्यात काटा एकाच जागी धरून ठेवतात, गिऱ्हाइकाने उगाच घाबरू नये म्हणून. मला याचा मनापासून राग आहे. पंपाच्या धंद्यात आम्ही अँपिअर मीटर लावतो तो शेतकऱ्याने बघावा म्हणून, त्याची समजूत काढायला नाही. ज्या काट्यावर भरवसा ठेवून माणूस बायको-मुलांना घेऊन घाट चढतो, त्याने खरं तेच दाखवलं पाहिजे. गिअरबॉक्सच्या तेलाला तर काटाही नाही. फक्त एक दिवा, आणि तो लागेपर्यंत तेल भाजलेलं असतं. वडिलांच्या जुन्या डिझेल जीपमध्ये काटा घाटात चढायचा, उतारावर उतरायचा. तो बघून ते गाडी थांबवायचे. ती सोय काढून टाकून आपल्याला नेमकं काय दिलं?

असो. स्कॅनरने मला एक चुकीचं उत्तरही दिलं, किंवा मी चुकीचं वाचलं. थंड गाडीत चढावर कॉमन रेलचं, म्हणजे इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतलं, प्रेशर भरपूर चढत होतं. गरम झाल्यावर तोच चढ, तीच रेस, आणि प्रेशर जवळपास निम्मं. मला वाटलं सापडलं. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या पंपात दाब धरत नाही, हे आमच्या धंद्यातलंच शास्त्र. हाय प्रेशर पंपावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह मागवला, सात हजार दोनशे. बसवला. पुढच्या फेरीत घाटात तेच झालं.

मग एका गिऱ्हाइकाने आडगाव नाक्याजवळच्या एका मेकॅनिकचं नाव सांगितलं. पासष्टीचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, ट्रकांचं काम करतात. मी आकडे दाखवले. मामांनी पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, हा रेलचा आकडा मिळालेला आहे. मागितलेला किती होता?" माझ्या स्कॅनरवर तो आकडा दिसतच नव्हता. त्यांच्या मोठ्या स्कॅनरवर दोन्ही दिसतात. तापलेली गाडी पुन्हा विल्होळीपर्यंत नेली. मागितलेलं आणि मिळालेलं, दोन्ही सोबतच खाली येत होते. म्हणजे पंप कमी देत नव्हता. ईसीयूच, म्हणजे इंजिनचा कंप्युटरच, कमी मागत होता. मिळालेलं मागितलेल्याच्या खाली गेलं तरच डिझेलच्या बाजूला शोधायचं. दोन्ही जोडीने पडले तर हवेकडे, तापमानाकडे वळायचं. हे आधी कळलं असतं तर सात हजार वाचले असते.

मग त्यांनी स्टॉल टेस्ट केली. चाकांना लाकडी गुटके, समोर कोणी उभं नाही, डाव्या पायाने ब्रेक घट्ट, डी मध्ये टाकून रेस पूर्ण, आणि आरपीएम कुठे अडतो ते बघायचं. पाच सेकंदांच्या वर कधीही नाही, कारण तेवढ्यात टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल प्रचंड तापतं. दोन टेस्टच्या मध्ये न्यूट्रलमध्ये तेल गार होऊ द्यायचं. सकाळी थंड गाडीत आरपीएम तेवीसशेला अडला. दुपारी तापलेल्या गाडीत सतराशेला. मामा म्हणाले, गिअरबॉक्स घसरत असता तर हा आकडा वाढला असता. तो पडला म्हणजे इंजिनच कमी ताकद देतंय. कन्व्हर्टरच्या आतला एकदिशा क्लच गेला तरी आकडा पडतो, पण मग तो सकाळीही पडला असता. एक लाख पंच्याऐंशी हजारांचा प्रश्न दहा मिनिटांत निकालात निघाला. ही टेस्ट वर्कशॉपमध्ये कोणीही केली नव्हती, आणि गरम गाडीवर तर नाहीच.

आता हवा. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या, दाबाचा आकडा माझ्या चौदाशेच्या स्कॅनरवरही होता, मी तिकडे बघितलंच नव्हतं. इंजिन बंद, चावी ऑन, की तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, त्यामुळे इथे ९४-९५ किलोपास्कल येतात. भिवंडीला १०० च्या आसपास. सेन्सर बरोबर आहे याची ही फुकटची खात्री. चढावर पूर्ण रेसला थंड गाडी २१० पर्यंत जायची. गरम झाल्यावर १३०. म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा टर्बो जवळपास झोपलेला.

टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होजना साबणाचं पाणी लावून बघितलं, गळती नाही. माझ्या टर्बोच्या आतल्या पात्या व्हॅक्यूमवर हलतात. व्हॅक्यूम कमी पडला की पात्या उघड्या राहतात आणि दाब बनत नाही. व्हॅक्यूम ओढणारा एक हातपंप आणला, काटेवाला. टर्बोजवळच्या वळणावर व्हॅक्यूमची नळी तडकलेली निघाली. दोनशे चाळीस रुपयांची नळी बदलली. दाब १३० वरून १६० वर आला. मी खूश होऊन लगेच भिवंडीला गेलो, आणि येताना घाटात पुन्हा अडकलो. पूर्वीइतका नाही, पण चाळीसच्या वर वेग जाईना.

त्या दिवशी घाटनदेवीला एक गोष्ट लक्षात आली. आधीच्या खेपेला बोनेट उघडून बसलो तर वीस मिनिटांत गाडी ठीक व्हायची. या वेळी पाऊस भुरभुरत होता म्हणून बोनेट बंदच ठेवलं आणि पाऊण तास थांबलो. तरी गाडी तशीच मेलेली. खरं तर बंद केल्यावर बोनेटखालची उष्णता आधी वाढते, कारण पंखा थांबतो आणि तापलेलं लोखंड आजूबाजूचं सगळं शेकत राहतं. दोष तेलाचा असता तर बोनेट उघडं की बंद याने एवढा फरक पडला नसता. बोनेटच्या वरच्या भागात, हवेने लवकर गार होणारं काहीतरी असणार.

दुसऱ्या दिवशी घरीच बसलो. टर्बोचा व्हॅक्यूम सोडणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मागच्या पत्र्यावर, टर्बोच्या वर बसवलेला आहे. तो काढला, हातपंप लावला, काटा पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरला नेला. दहा मिनिटं जागचा हलला नाही. मग लेकीचा हेअर ड्रायर घेतला आणि व्हॉल्व्हवर गरम हवा सोडली. चार मिनिटांनी काटा सरकायला लागला आणि बघता बघता शून्यावर. ड्रायर बंद केला, व्हॉल्व्ह गार होऊ दिला, त्याने व्हॅक्यूम पुन्हा धरला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. वायरिंग शाबूत असल्याने ईसीयूला दोष दिसत नव्हता, म्हणून दिवाही लागत नव्हता. त्या ओट्यावर बसून जे समाधान मिळालं ते गाडी घेतली त्या दिवशीही मिळालं नव्हतं. लेकीने त्याचा व्हिडिओ काढलाय.

नवा व्हॉल्व्ह चार हजार तीनशेला, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बसवला. दाब पुन्हा २१०. त्याआधी चुकीच्या जागी बावीस हजार चारशे गेले होते. ईजीआर, फिल्टर, तेल कधी ना कधी करावंच लागलं असतं, पण तो पंपावरचा व्हॉल्व्ह मला अजून सलतो.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा टप्पा सुरू झाला. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळून येता येतं. मी मुद्दाम जुन्याच रस्त्याने येत राहिलो, टोलही वाचतो आणि गाडीची परीक्षाही होते. पण पावसाळ्यातल्या फेऱ्यांना मी पुरावा मानत नाही. थंड हवेत ती पूर्वीही पळत होती. ऑक्टोबरच्या उन्हात दोन फेऱ्या पूर्ण मालासकट केल्या. घाटात दाब २०५ च्या खाली आला नाही, कूलंट ९८. वेग पंचावन्न.

घाटातली चालवायची पद्धतही मी बदलली आहे. डी मध्ये टाकून सोडून देत नाही. कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे आतून थेट जोडला जात नाही, आतल्या आत तेल घुसळत राहतो आणि तापतो. हाताने खालचा गिअर धरला, आरपीएम अडीच हजाराच्या आसपास ठेवला, की गिअरबॉक्सला त्रास कमी. मामांच्या स्कॅनरवर तेलाचं तापमान घाटात डी मध्ये १०८ होतं, तिसऱ्यात धरल्यावर ९७.

एस्टिमेट देणाऱ्या वर्कशॉपमध्ये जुना व्हॉल्व्ह घेऊन गेलो होतो. हातपंप लावून दाखवला. ॲडव्हायझर म्हणाला, "चांगलं झालं सर." एस्टिमेट कशावर काढलं होतं, हे मी पुन्हा विचारलं. त्याने मॅनेजरला बोलावतो म्हणून सांगितलं, कोणी आलं नाही. त्याच आठवड्यात तिथे आणखी कोणी जुनी ऑटोमॅटिक घेऊन आलं असेल तर त्याला काय सांगितलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. जॉब कार्डवर गाडी कोणत्या तापमानाला तपासली हे लिहायला लावा. गरम झाल्यावरच येणारा दोष सकाळी नऊला कोणाला दिसणार?

गाडी ठेवतोय. एटीएफ अजून एकदा सोडून भरायचंय, म्हणजे आतल्या जुन्या तेलाचं प्रमाण आणखी कमी होईल. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधे गेल्या मालकापासूनची माती बसलेली आहे, ती फेब्रुवारीत दोन्ही सुटे करून धुऊन घेणार. स्कॅनरचा फोन डॅशबोर्डवर कायमचा बसवलाय, काट्याच्या अगदी समोर, कूलंटचा आकडा मोठ्या अक्षरात. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या पुढे गेला की आठशे किलो घालून दुपारी दोनला घाट चढेन आणि तेव्हाचे आकडे इथेच लिहीन.