आधी कोणता नॉब फिरवायचा: वायरचा की व्होल्टचा?

गच्चीवरच्या शेडसाठी किंवा घरच्या गेटसाठी लहान मिग मशीन (रॉडऐवजी रिळातली वायर सतत सोडत वेल्ड करणारं; फॅब्रिकेशनवाले त्याला सरळ ‘सीओटू’ म्हणतात) घेतलं, की रॉड वेल्डिंगची सवय असलेला हात पहिल्याच दिवशी अडखळतो. रॉडच्या मशीनवर एकच नॉब असतो, अँपिअरचा. इथे नॉब दोन, आणि अँपिअरचा त्यातला एकही नाही.

खरं तर वायरचा नॉब हाच अँपिअरचा नॉब. वायर जितक्या वेगाने पुढे येते, तितका जास्त करंट ती वितळवायला लागतो. व्होल्ट आर्कची (वायरच्या टोकापासून पत्र्यापर्यंतच्या विजेच्या ज्योतीची) लांबी ठरवतात, म्हणजे वेल्ड उंच राहणार की पसरणार ते. म्हणून जाडी बघून वायर लावायची, मग वेल्ड बघून व्होल्ट. उलट्या क्रमाने गेलात तर दिवसभर दोन्ही नॉबच्या मागे फिरत बसाल.

0.8 मिमी वायरसाठी सुरुवातीचे आकडे असे: 1.6 मिमी म्हणजे 16 गेजच्या चौकोनी पाइपला साधारण 60-65 अँपिअर, वायर मिनिटाला सव्वातीन मीटर, व्होल्ट 16-17. 3 मिमी अँगलला 120 अँपिअरच्या आसपास, सहा मीटर, 18-19 व्होल्ट. हे आकडे आर्गॉन आणि सीओटूच्या मिश्र गॅसचे. नुसता सीओटू गॅस असेल तर एखाद-दोन व्होल्ट वर.

पण घरगुती मशीनवर मीटर कुठे लिहिलेले असतात? नुसते 1 ते 10 आकडे. मग अर्थचा चिमटा जॉबपासून (वेल्ड करायच्या तुकड्यापासून) लांब ठेवा, टॉर्च मोकळ्या जागेकडे धरून सहा सेकंद ट्रिगर दाबा आणि बाहेर आलेली वायर मोजा. 32 सेंटिमीटर आली तर वेग मिनिटाला 3.2 मीटर. खडूने नॉबशेजारी खूण करून ठेवा.

आता चुकलं कुठे ते कसं ओळखायचं? टॉर्च हाताला मागे ढकलतोय, तडतड आवाज येतोय, वेल्ड दोरीसारखं पत्र्यावर नुसतं बसलंय: वायर जास्त किंवा व्होल्ट कमी. जाडीप्रमाणे वायर बरोबर असेल तर अर्धा-अर्धा व्होल्ट वाढवत जा. उलट आर्क लांबलाय, मोठे थेंब पडतायत, वायर टिपलाच (टॉर्चच्या तोंडाशी वायर जिथून बाहेर येते त्या तांब्याच्या नळीला) चिकटतेय, तर व्होल्ट जास्त किंवा वायर कमी. जुळलं की भजी तळताना येते तशी एकसारखी चुरचुर ऐकू येते.

पातळ पत्र्याला भोक पडलं तर मात्र हा नियम सोडा. बहुतेक जण घाबरून फक्त वायर कमी करतात; आर्क आणखी लांबतो आणि टिप जाते. तिथे दोन्ही नॉब एकाच वेळी खाली.

सिनर्जिक मशीन ही जोडी स्वतःच लावतं. वर्षातून एखादं गेट करणाऱ्याने तेच घ्यावं, असं माझं मत. त्यात व्होल्ट थोडे वरखाली करायची सोय आहे ना, तेवढं बघून घ्या. रोज हात लागणार असेल तर दोन नॉबचंच शिकवतं जास्त. आणि जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मरवालं असेल तर संध्याकाळी लाइन डाऊन झाली, म्हणजे घरात येणारे व्होल्ट उतरले, की सकाळची खूण उपयोगाची राहत नाही.

गॅसविना चालणारी फ्लक्सकोअर वायर (आत फ्लक्सची भुकटी भरलेली) लावणार असाल तर नॉबना हात लावण्याआधी पोलॅरिटी बघा. साध्या वायरला टॉर्च प्लसला, या वायरला मायनसला. तेच उलटं राहिलं असेल तर कुठलाही आकडा लावा, स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडतच राहणार.