मोतीबिंदू, मनाची गोळी आणि कॉलेज रोडचा डोळ्यांचा दवाखाना

नाशिकच्या इंदिरानगरला माझं पिको-फॉल आणि ब्लाउजचं छोटं दुकान आहे. वय 57. दिवाळीच्या गडबडीत एकदम चष्म्याशिवाय सुई ओवता यायला लागली, तर मी येईल त्याला सांगत सुटले, बघा, नंबर उतरला! मग एक बाई नेव्ही ब्लू साडी परत घेऊन आल्या. फॉल मी चक्क काळ्या दोऱ्याने लावला होता. दुकानातल्या ट्यूबखाली मला दोन्ही रिळं सारखीच दिसत होती. सिटीलिंकची पाटीसुद्धा बस अगदी पुढ्यात येईपर्यंत वाचता येईना.

त्यातच पुतणीचा मोबाइलवर मेसेज, डिप्रेशनच्या गोळ्यांनी मोतीबिंदू होतो म्हणून. मिस्टर गेल्यापासून तीन वर्षं मी एस्सिटालोप्राम घेते. घाबरले आणि कुणालाही न विचारता गोळी बंद केली. चार दिवसांत गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, मशीनवर बसलं की रडू. लेकीने भरलेलं पाकीट पाहिलं आणि मला असं झापलं की विचारू नका. मनाच्या डॉक्टरांना फोन करून गोळी परत सुरू केली, आणि डोळ्यांसाठी कॉलेज रोडला गेले.

आधी तक्रारी, म्हणून नाव लिहीत नाही. फॉर्मवर बीपी, शुगर विचारलंय, रोजच्या बाकी गोळ्यांना जागाच नाही. मी काउंटरवर हळूच सांगितलं, तर ती मुलगी भरल्या हॉलमध्ये ओरडली, "मावशी, डिप्रेशनची गोळी किती एमजी?" वीसेक माना वळल्या. शिवाय बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर तीनेक तास नीट दिसत नाही, हे अपॉइंटमेंट देताना सांगायला काय जातं? मी आपली स्कूटी घेऊन गेलेली. ती तिथेच ठेवून रिक्षाने घरी आले.

आत डॉक्टरबाई मात्र सोन्यासारख्या. थेंब टाकायच्या आधी त्यांनी मशीनमधून डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायची वाट, बघितला. काही मनाच्या गोळ्यांनी बाहुली मोठी होते, आणि कोन अरुंद असेल तर डोळ्याचं प्रेशर एकाएकी चढू शकतं, म्हणून. माझा कोन ठीक निघाला. मोतीबिंदू मात्र आहे, दोन्हीकडे, भिंगाच्या मधल्या गाभ्यात. गाभा घट्ट होतो तसा जवळचा नंबर काही काळ सुधारल्यासारखा वाटतो आणि लांबचं धूसर होतं. भिंग पिवळट झालं की निळं-काळं ओळखू येत नाही. म्हणजे माझा उतरलेला नंबर हाच मोतीबिंदू! मला हसावं की रडावं कळेना.

मग मी मेसेज दाखवला. त्यांनी तो उडवून लावला नाही, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, 2010 साली कॅनडातला अभ्यास आला होता, 65 च्या पुढच्या हृदयरुग्णांवरचा. या जातीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांत मोतीबिंदूचा धोका साधारण 15 टक्के जास्त दिसला. फ्लुव्होक्सामिन नावाच्या गोळीला 39 टक्के, व्हेन्लाफॅक्सिन नावाच्या गोळीला 33. "ताई, 15 टक्के म्हणजे शंभरातल्या पंधरांना होतो असं नाही. शंभरात वीस जणांना होणारच असेल तर तेवीस, असं धरा." त्यात सिगारेटचा हिशेब धरलेला नव्हता, आणि गोळीनेच झालं हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. वय, शुगर, स्टेरॉइड, ऊन ही कारणं जुनी आणि पक्की. मला दम्यासाठी कधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, हेही खोदून विचारलं. नाही घेतल्या.

गोळी बंद करायची नाही, तो निर्णय मनाच्या डॉक्टरांचा, हे दोनदा बजावलं. ऑपरेशनची घाई नाही. कामाला अडायला लागलं की करू, पिकायची वाट बघायचा जमाना गेला म्हणाल्या. पॅकेजचा कागद कुणी हातात कोंबला नाही. नवा चष्मा लिहून दिला आणि सहा महिन्यांनी बोलावलंय.

डॉक्टरबाईंना पाचपैकी पाच, काउंटरला दोन. सध्या गडद साडी आली की मी रीळ घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जाते, आणि तरी शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोराला विचारते, "बाळा, हा निळा ना?"