खात्यात जमा दिसलेला, पण न वटलेला चेक

न्यू जर्सीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याची गेल्या हिवाळ्यात जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्याकडून नव्याने गेलेल्या विद्यार्थ्यांना अशाच पद्धतीने गाठले जाते. एका प्राध्यापकाच्या नावाने त्याला साहाय्यकाच्या कामाचा ईमेल आला आणि पाठोपाठ टपालाने २,४५० डॉलरचा चेक आला. कागद जाड होता, बँकेचे नाव खरे होते, तळाचे क्रमांकही जागच्या जागी होते. चेक खात्यात भरायचा, दोन हजारांची गिफ्ट कार्डे विकत घ्यायची, मागची पट्टी खरवडून क्रमांकांचे फोटो पाठवायचे आणि उरलेली रक्कम मानधन म्हणून ठेवायची, असे त्याला सांगण्यात आले.

खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानुसार बँकेला चेकची रक्कम साधारणपणे काही दिवसांतच खातेदाराला वापरायला द्यावी लागते. चेक खोटा असल्याचे मात्र कधीकधी काही आठवड्यांनी उघड होते. चेक परत आला की बँक ती रक्कम खात्यातून वळती करून घेते आणि खातेदाराचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी तूट त्यालाच भरावी लागते. पुतण्याची तूट शेवटी माझ्या भावाने नाशिकहून पैसे पाठवून भरली.

त्यानंतर त्याच माणसाचा संदेश आला: "नुकसान भरून काढू, तुझे डेबिट कार्ड आम्हाला दे, आणखी एक चेक भरू, निम्मे तुझे." मला हा टप्पा सर्वांत घातक वाटतो. पहिल्या वेळी पुतण्या फसवला गेला होता. चेक खोटा असल्याचे ठाऊक असूनही त्याने होकार दिला असता तर तो स्वतःच आरोपी ठरला असता. बँकेच्या फसवणुकीसाठी तेथील संघीय कायद्यात कमाल ३० वर्षे कैद आणि दहा लाख डॉलर दंड आहे, शिवाय व्हिसाही धोक्यात येतो. "बँकेचेच तर पैसे जातात" हे समर्थनही टिकत नाही, कारण असे चेक पुष्कळदा कुणा वृद्धाच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या चोरीला गेलेल्या टपालातून आलेले असतात.

पुतण्याने साफ नकार दिला. अनोळखी चेक आला तर तो ज्या बँकेचा आहे तिला फोन करून विचारावे, पण क्रमांक चेकवरचा न घेता स्वतः शोधलेला असावा. लिफाफाही फेकू नये; टपालातून झालेल्या फसवणुकीचा तपास करणाऱ्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसला तो उपयोगी पडतो.